आर्ग्युमेंट-जुळणीचा प्रश्न : जावास्क्रिप्टमधील स्टबच्या इतिहासातील एक प्रकरण

१. प्रश्नाचे स्वरूप

'घटक-चाचणी' हा शब्द आपल्याकडे शाळांतून इतका रूढ झाला आहे की, संगणकशास्त्रात तो योजण्यापूर्वी त्याचा अर्थ निश्चित करणे इष्ट ठरते. आज्ञावलीचा एखादा लहान भाग, बहुधा एकच फंक्शन, इतर भागांपासून अलग करून तपासणे म्हणजे येथे घटक-चाचणी होय. परंतु कोणतेही उपयुक्त फंक्शन एकाकी नसते. ते दुसऱ्या फंक्शनांस हाक मारते, त्यांच्या हाती काही मूल्ये देते आणि त्यांच्याकडून उत्तर घेते. अशा रीतीने दिलेल्या मूल्यांस आर्ग्युमेंट म्हणतात. चाचणीच्या वेळी खऱ्या सहकारी फंक्शनाच्या जागी ठरीव उत्तर देणारे जे तात्पुरते फंक्शन उभे केले जाते, त्यास स्टब असे नाव आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक साधे उदाहरण घेऊ. ग्रंथालयातील विलंबशुल्क काढणारे एक फंक्शन आहे. ते दर सांगणाऱ्या दुसऱ्या फंक्शनाकडे सभासदाचा वर्ग आणि ग्रंथ परत आल्याचा दिनांक अशी दोन आर्ग्युमेंटे पाठविते, मिळालेल्या दरास विलंबाच्या दिवसांनी गुणते आणि शुल्क सांगते. चाचणीत दर सांगणाऱ्या फंक्शनाच्या जागी स्टब बसविला आणि त्यास असे पढविले की, 'विद्यार्थी' व '१ जून' या मूल्यांनिशी विचारणा झाल्यास २ रुपये हे उत्तर द्यावे. एथवर सर्व सरळ आहे. पण विचारणा वेगळ्या मूल्यांनिशी झाली तर स्टबने काय करावे? वर्ग तोच असून दिनांक पाठविलाच नाही, तर ती तीच विचारणा समजावी काय? दिनांक ही एक वस्तू असेल आणि तिच्यासारखीच, परंतु निराळी घडविलेली वस्तू आली, तर तिला तीच म्हणावे काय?

हे प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतात. तथापि चाचणीने दिलेल्या ग्वाहीची किंमत त्यांच्या उत्तरांवर अवलंबून असते. स्टब वास्तवापेक्षा अधिक सैल असेल, तर चूक असूनही चाचणी उत्तीर्ण होते. तो वास्तवापेक्षा अधिक कडक असेल, तर निर्दोष बदलानेही चाचणी मोडते. जावास्क्रिप्ट भाषेत या प्रश्नास विशेष धार का आली आणि तिच्या ग्रंथसंग्रहांनी, म्हणजे तयार साधनांच्या लायब्ररींनी, त्याची कोणती उत्तरे दिली, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. पूर्वपीठिका

स्टब या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ खुंट अथवा थोटूक. इ. स. १९७० नंतरच्या काही वर्षांत हार्लन मिल्स यांनी वरून खाली आज्ञावली रचण्याची पद्धती पुरस्कारिली. तीत वरचा भाग आधी लिहावयाचा आणि खालच्या, अद्याप न लिहिलेल्या भागांच्या जागी थोटके उभी करावयाची, अशी योजना होती. त्या काळचा स्टब म्हणजे जागा अडवून ठेवणारा खुंट होता. आपल्याकडे कोणती आर्ग्युमेंटे आली, याची चिकित्सा करणे हे त्याचे काम नव्हते.

ही स्थिती घटक-चाचणीच्या चळवळीने पालटली. केंट बेक यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी चाचणीची एक चौकट १९९४ मध्ये मांडली. पुढे १९९७ मध्ये त्यांनी एरिक गामा यांच्यासह जावा भाषेसाठी जेयुनिट तयार केले. यानंतर इटलीतील कालियारी येथे २००० साली भरलेल्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगच्या परिषदेत टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी मॉक ऑब्जेक्ट या कल्पनेवर निबंध वाचला. मॉक हा केवळ उत्तर देणारा खुंट नव्हे; आपणास कोणत्या हाका, कोणत्या आर्ग्युमेंटांसह येणार आहेत, याची अपेक्षा त्यास आधीच सांगितलेली असते आणि ती पुरी न झाल्यास तो चाचणी नापास करतो. आर्ग्युमेंटांची जुळणी हा चाचणीचा स्वतंत्र विषय येथपासून झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

जुळणी म्हटली की समानता आली, आणि समानता म्हटली की तिची मर्यादा ठरविणे आले. प्रारंभीच्या साधनांत प्रत्येक आर्ग्युमेंट अपेक्षित मूल्याशी तंतोतंत समान असावे, असाच संकेत असे. त्यामुळे चाचण्या ठिसूळ होऊ लागल्या. एखाद्या संदेशातील एक शब्द बदलला, तरी त्या संदेशाशी काहीही कर्तव्य नसलेल्या चाचण्या मोडत. यावर उपाय म्हणून जेमॉक या साधनाच्या कर्त्यांनी आर्ग्युमेंटाच्या जागी मूल्याऐवजी अट लिहिण्याची सोय केली : 'कोणतीही संख्या', 'अमुक अक्षरांनी आरंभ होणारा मजकूर', 'रिक्त नसलेली वस्तू' इत्यादी. या अटी पुढे जेमॉकपासून विलग होऊन हॅमक्रेस्ट नावाच्या स्वतंत्र लायब्ररीत नांदू लागल्या. मॅचर्स या इंग्रजी शब्दाची अक्षरे उलटसुलट मांडून हे नाव साधलेले आहे. फ्रीमन, नॅट प्राइस, मॅकिनन व जो वॉल्न्स यांनी २००४ मध्ये या पद्धतीमागील विचार पुन्हा सविस्तर मांडला. त्याच वर्षी मार्टिन फाउलर यांनी मॉक आणि स्टब यांतील भेद स्पष्ट करणारा आपला सुप्रसिद्ध लेख लिहिला, आणि २००७ मध्ये जेरार्ड मेसारोस यांनी चाचणीतील सर्व बदली वस्तूंना टेस्ट डबल असे एक नाव देऊन त्यांचे वर्गीकरण केले. मराठीत या मंडळींस तोतये म्हणता येईल.

जावामधील या साधनांपैकी मॉकिटोचा येथे विशेष उल्लेख केला पाहिजे. कारण 'अमुक हाक आली असता अमुक उत्तर द्यावे' ही त्याची वाक्यरचना पुढे जावास्क्रिप्टमध्येही अनुकरणीय ठरली. मात्र मॉकिटोत एक विलक्षण नियम आहे. अनेक आर्ग्युमेंटांपैकी एकाच्या जागी मॅचर योजला, तर उरलेल्या सर्वांच्या जागीही मॅचरच योजावे लागतात. याचे कारण जावाच्या प्रकृतीत आहे. जावात प्रत्येक आर्ग्युमेंटाचा प्रकार आधी ठरलेला असतो. संख्येच्या जागी 'कोणतीही संख्या' ही अट वस्तुरूपाने ठेवू गेल्यास भाषेचा अनुवादक ती नाकारील. म्हणून मॉकिटोचा मॅचर वरकरणी शून्य किंवा रिक्त मूल्य परत करतो आणि खरी अट आडबाजूला नोंदवून ठेवतो. नोंदलेल्या अटींची संख्या आर्ग्युमेंटांच्या संख्येशी जुळली नाही, तर कोणती अट कोणत्या आर्ग्युमेंटाची, हे समजण्यास मार्ग उरत नाही. ही अडचण जावास्क्रिप्टमध्ये मुळीच नव्हती. तेथे निराळ्याच अडचणी होत्या.

३. जावास्क्रिप्टची प्रकृती

ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत १९९५ साली ही भाषा सुमारे दहा दिवसांत सिद्ध केली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचे तीन गुणधर्म महत्त्वाचे आहेत.

पहिला असा की, आर्ग्युमेंटांची संख्या ही भाषा तपासत नाही. दोन अपेक्षित असता एकच दिले, तर दुसऱ्याच्या जागी 'अनडिफाइन्ड' हे मूल्य येते. तीन दिले, तर तिसरे दुर्लक्षिले जाते. दोन्ही प्रसंगी तक्रार होत नाही. दुसरा गुणधर्म असा की, आर्ग्युमेंटांचे प्रकारही तपासले जात नाहीत. तिसरा वस्तूंच्या समानतेचा आहे. दोन वस्तूंमधील प्रत्येक क्षेत्र सारखे असले, तरी त्या वेगवेगळ्या घडविल्या असतील तर भाषेच्या दृष्टीने त्या भिन्नच होत. एकच वस्तू स्वतःशी तेवढी समान असते.

या गुणधर्मांचा परिणाम दुहेरी झाला. एकीकडे मॅचर ही वस्तू कोणत्याही आर्ग्युमेंटाच्या जागी सरळ ठेवता येऊ लागली, त्यामुळे मॉकिटोचा तो विलक्षण नियम येथे निष्प्रयोजन ठरला. दुसरीकडे, जावात जी राखण भाषेचा अनुवादक करीत असे, तिचा भार चाचणीवर आणि पर्यायाने स्टबवर येऊन पडला. दर सांगणाऱ्या फंक्शनास दिनांक पाठविण्यास कोणी विसरला, तर जावात ती आज्ञावली चालूच होणार नाही. जावास्क्रिप्टमध्ये ती चालू होईल, आणि ही विस्मृती पकडावयाची असेल तर ती पकडणारा बहुधा स्टबच असेल. म्हणून येथील स्टब किती सैल असावा, हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

४. सायनन आणि आरंभीचा जुळणीकर्ता

जावास्क्रिप्टमध्ये घटक-चाचणीची सुरुवात एडवर्ड हीट यांच्या जेएसयुनिटने २००१ मध्ये झाली. परंतु तोतयांच्या साधनांना बहर आला तो २००९-१० च्या सुमारास. रायन डाल यांचे नोड २००९ मध्ये प्रकट झाले आणि ही भाषा ब्राउझरच्या बाहेर पडली. त्याच सुमारास पिव्होटल लॅब्जचे जॅस्मिन आणि नॉर्वेजियन प्रोग्रॅमर क्रिश्चन योहान्सेन यांचे सायनन ही साधने पुढे आली. योहान्सेन यांचा चाचणी-प्रथम पद्धतीवरील ग्रंथही २०१० सालचाच. व्हर्जिलच्या महाकाव्यात ट्रॉयच्या लोकांस फसवून लाकडी घोडा नगरात आणविणाऱ्या ग्रीकाचे नाव सायनन असेच आहे, हे तोतयांच्या साधनास साजेसेच म्हटले पाहिजे.

सायननने स्टबला 'विथ-आर्ग्ज' ही क्रिया दिली. 'विद्यार्थी' व '१ जून' या मूल्यांसह हाक आल्यास २, 'प्राध्यापक' या मूल्यासह आल्यास ५, असे एकाच स्टबला निरनिराळे पढविता येऊ लागले. वस्तूंच्या समानतेचा प्रश्न सायननने 'खोल समानते'ने सोडविला. दोन वस्तू एकच नसल्या तरी त्यांचे अंतरंग क्षेत्रागणिक सारखे असेल, तर त्या जुळल्या असे मानावयाचे. मूल्याऐवजी अट लिहिण्यासाठी पुढे त्यात मॅचरही आले.

येथे खोल समानतेविषयी थोडे थांबून विचार केला पाहिजे. कारण ती एकच निश्चित कल्पना नाही. नोडमधील मूळ खोल समानता 'कॉमन-जेएस' या सामायिक मसुद्यास अनुसरून होती, आणि तीत साध्या मूल्यांची तुलना भाषेच्या सैल चिन्हाने होत असे. त्यामुळे १ ही संख्या आणि '१' हा मजकूर समान ठरत. कडक तुलना करणारी निराळी क्रिया नोडमध्ये २०१५ साली आली. जेस्ट या साधनात हाकेची आर्ग्युमेंटे तपासताना जी समानता लावली जाते, ती अनडिफाइन्ड मूल्य असलेले क्षेत्र आणि मुळीच नसलेले क्षेत्र यांत भेद करीत नाही. तात्पर्य, 'ही दोन मूल्ये सारखी आहेत' या विधानास कोणती लायब्ररी ते उच्चारीत आहे, हे कळल्याविना पुरता अर्थ येत नाही.

आर्ग्युमेंटांच्या संख्येबाबत सायननने भाषेचाच उदार स्वभाव स्वीकारला. केवळ 'विद्यार्थी' एवढेच सांगून पढविलेला स्टब, 'विद्यार्थी' व कोणताही दिनांक अशा हाकेसही जुळतो. सांगितलेली आर्ग्युमेंटे आरंभीच्या जागी असली की पुरे. एकाहून अधिक नियम जुळले, तर ज्यात अधिक आर्ग्युमेंटे सांगितली आहेत तो नियम लागू होतो. काहीच जुळले नाही, तर आणि स्टबला अन्य काही पढविलेले नसेल तर, अनडिफाइन्ड परत येते.

५. मौनाचा धोका

शेवटच्या वाक्यात या सर्व प्रकरणाचे मर्म आहे. आपल्या उदाहरणात विलंबशुल्काच्या फंक्शनाने चुकून दिनांक आधी आणि वर्ग नंतर असा क्रम केला, असे समजू. स्टब जुळणार नाही. तो अनडिफाइन्ड परत करील. त्यास दिवसांनी गुणले असता 'संख्या नव्हे' असे मूल्य मिळेल आणि चाचणी नापास होईल. हे ठीकच झाले. पण नापासाचे कारण म्हणून दिसेल ते गुणाकाराचे विचित्र फळ. आर्ग्युमेंटांचा क्रम चुकला, ही खरी गोष्ट चाचणी सांगणार नाही.

याहून वाईट प्रसंग संभवतो. शुल्काच्या फंक्शनात 'दर नसल्यास शुल्क शून्य' अशी समजूतदार तरतूद केलेली असेल आणि चाचणीचा विषय 'सवलतीच्या सभासदास शुल्क पडत नाही' असा असेल, तर स्टब न जुळूनही शून्यच मिळेल आणि चाचणी उत्तीर्ण होईल. येथे चाचणीने काहीही सिद्ध केले नाही. स्टबच्या मौनालाच तिने होकार मानले, इतकेच. अशी चाचणी नसलेली परवडते. कारण ती नसती तर निदान आपणास शंका तरी राहिली असती.

न जुळणाऱ्या हाकेस मौन हे उत्तर द्यावे की स्पष्ट नकार, हा प्रश्न मॉक आणि स्टब यांच्या मूळ भेदाशी जाऊन भिडतो. मॉक अनपेक्षित हाकेस नकार देतो. स्टब गप्प बसतो. यावर फ्रीमन व प्राइस यांनी २००९ च्या आपल्या ग्रंथात दिलेला दंडक आजही उपयुक्त आहे. जी हाक केवळ माहिती विचारते तिला मुभा द्यावी, जी हाक जगात काही बदल घडविते तिची अपेक्षा नोंदवून ती तपासावी, असे त्याचे सार आहे. दर विचारणे ही पहिल्या प्रकारची हाक होय, आणि सभासदाच्या खात्यावर शुल्क नोंदविणे ही दुसऱ्या प्रकारची.

६. टेस्टडबलची प्रतिक्रिया आणि जेस्टचा निराळा मार्ग

सायननच्या उदारतेविरुद्ध सर्वांत विचारपूर्वक प्रतिक्रिया जस्टिन सर्ल्स यांच्या टेस्टडबल या लायब्ररीत दिसते. ती २०१५ मध्ये पुढे आली. तिची वाक्यरचना मॉकिटोच्या वळणाची आहे : चाचणी लिहिणारा खऱ्या हाकेसारखीच हाक मारून दाखवितो आणि पुढे उत्तर जोडतो. 'दर(विद्यार्थी, १ जून) असे विचारले असता २ द्यावे', असे ते वाक्य वाचता येते. येथे आर्ग्युमेंटांची संख्या तंतोतंत जुळावी लागते. जादा आर्ग्युमेंटांकडे दुर्लक्ष करावयाचे असेल, तर तसे स्पष्ट लिहावे लागते. एकाहून अधिक नियम जुळल्यास सर्वांत शेवटी सांगितलेला प्रमाण मानला जातो. एखाद्या हाकेचे उत्तर पढवून वर तीच हाक पुन्हा तपासली, तर ही लायब्ररी सूचना देते. कारण उत्तराचा उपयोग झाला, यातच हाक झाल्याचा पुरावा येतो.

सायननमध्ये सैलपणा हा गृहीत आहे आणि कडकपणा मागावा लागतो. टेस्टडबलमध्ये याच्या उलट आहे. दोन्हींत मूल्ये तीच, समानता जवळपास तीच. फरक आहे तो न सांगितलेल्या गोष्टीचा अर्थ काय घ्यावा, याबाबत.

जेस्टने तिसरा मार्ग धरला. फेसबुक कंपनीने २०१४ मध्ये ते सर्वांस खुले केले, आणि २०२२ मध्ये ते ओपन-जेएस फाउंडेशनकडे सोपविले गेले. आरंभी ते जॅस्मिनच्या पायावर उभे होते, आणि 'अमुक प्रकारचे कोणतेही मूल्य', 'निदान एवढी क्षेत्रे असलेली वस्तू' यांसारख्या अटी त्याने जॅस्मिनच्या परंपरेतूनच घेतल्या. त्यांस तेथे असममित मॅचर म्हणतात. कारण तुलनेच्या एका बाजूस मूल्य आणि दुसऱ्या बाजूस अट असते. परंतु या अटी जेस्टने मुख्यतः हाक होऊन गेल्यानंतरच्या तपासणीसाठी योजिल्या. आर्ग्युमेंटांप्रमाणे निरनिराळे उत्तर देणारा स्टब त्याने स्वतः पुरविला नाही. ती उणीव जेस्ट-व्हेन या स्वतंत्र पॅकेजने भरून काढली. जॅस्मिननेही अशी सोय आपल्या तिसऱ्या आवृत्तीत, २०१८ मध्ये केली.

७. नोंदीतील एक सूक्ष्म दोष

हाक होऊन गेल्यानंतर आर्ग्युमेंटे तपासण्याच्या पद्धतीत एक सापळा आहे, आणि त्याची जाणीव विद्यार्थ्यांस क्वचितच असते. तोतया आपल्याकडे आलेल्या आर्ग्युमेंटांची जी नोंद ठेवतो, ती वस्तूंच्या प्रतींची नसते. त्याच वस्तूंचा तो निर्देश असतो. समजा, शुल्काच्या फंक्शनाने एक पावती-वस्तू नोंदणीसाठी पाठविली आणि नंतर त्याच वस्तूतील रक्कम शून्य केली. चाचणीच्या अखेरीस नोंद पाहू गेल्यास तीत शून्य दिसेल, जरी हाकेच्या क्षणी ती रक्कम १० असली तरी. सायनन आणि जेस्ट या दोहोंतही असा अनुभव येतो. उलटपक्षी, विथ-आर्ग्जसारखी पूर्वी सांगितलेली अट हाकेच्या क्षणीच पडताळली जाते, म्हणून उत्तर निवडताना तिला हा दोष लागत नाही. आधी सांगणे आणि मागाहून तपासणे यांत केवळ शैलीचा भेद नाही, हे यावरून ध्यानात येईल.

८. उपसंहार

मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये टाइपस्क्रिप्ट पुढे आणले आणि आर्ग्युमेंटांची संख्या व प्रकार यांची राखण पुष्कळ अंशी भाषेकडे परत गेली. तरीही आपला प्रश्न मिटत नाही. वर्ग आणि दिनांक हे दोन्ही मजकूररूपानेच पाठविले जात असतील, तर त्यांचा उलटा क्रम टाइपस्क्रिप्टही पकडणार नाही. मूल्यांची जुळणी चाचणीकडेच राहते.

नोडने २०२२ मध्ये स्वतःचे चाचणी-साधन दिले. त्यातील तोतया हाकांची व आर्ग्युमेंटांची नोंद ठेवतो आणि त्यास निराळी कृती पढविता येते. परंतु आर्ग्युमेंटांप्रमाणे उत्तर निवडणारी खास रचना त्याबरोबर आलेली नाही. ज्यास ती हवी, त्याने साधे फंक्शन लिहून त्यात स्वतः तुलना करावी. ही माघार आहे असे समजण्याचे कारण नाही. स्वतः लिहिलेल्या फंक्शनात न जुळणाऱ्या हाकेस काय करावयाचे, हे लिहिणाऱ्यास ठरवावेच लागते. तेथे 'अनपेक्षित आर्ग्युमेंटे' असे म्हणून चूक फेकणे एका ओळीचे काम आहे, आणि मौनाच्या धोक्यावर याहून सोपा उपाय नाही.

या इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. आर्ग्युमेंटांची जुळणी वरकरणी समानतेचा प्रश्न दिसते. परंतु दोन फंक्शनांमधील संभाषणात कोणती गोष्ट करार आहे आणि कोणती योगायोग, हे ठरविण्याचा तो प्रश्न आहे. दर वर्गावर अवलंबून असेल आणि दिनांकावर नसेल, तर दिनांकाच्या जागी 'कोणतेही मूल्य' ही अट लिहिणे, हेच सत्यकथन होय. दिनांकावरही अवलंबून असेल, तर तो न लिहिणे ही सवलत नसून अपुरी साक्ष आहे. लायब्ररी कोणतीही असो, सैल अथवा कडक. तिच्या गृहीतावर विसंबून राहिलेला स्टब हा निर्णय आपल्या वतीने निमूटपणे घेऊन टाकतो. तो चाचणी लिहिणाऱ्याने स्वतः आणि उघड अक्षरांत घेतला पाहिजे.